घर आणि कुऱ्हाड

सत्तेचाळीसच्या आषाढात
सिलहटला मतपेट्या आल्या नावेतून, ताडपत्रीखाली.
एकीवर घराचं चित्र : आसामात राहायचं असेल तर.
एकीवर कुऱ्हाड : पाकिस्तानात जायचं असेल तर.
अक्षर न येणाऱ्यांची सोय.

मी नीरोद पुरकायस्थ, चहाच्या बागेतला मोहरीर.
मांडीभर पाण्यातून गेलो,
घराला मत देऊन आलो
आणि परत काट्याशी बसलो.
पानांना मतदानाची सुट्टी नसते.

मजुरांना मत नव्हतं.
कागदात त्यांच्यासाठी शब्द होता : तरंगती वस्ती.
मी वाचून दाखवला तेव्हा
सुकरमणी भूमिज डोईवरची टोपली उतरवत होती.
मानभूमहून आणलेली तिची आजी,
मग आई, मग दोन मुलगे,
सगळे याच टेकडीत पुरलेले.
"तरंगतं ते वर दिसतं ना, बाबू?
आमचे तर सगळे खाली आहेत."

असतं मत, तर कशाला दिलं असतंस?
तिनं दोन्ही चित्रं नीट समजून घेतली.
"घर कुठलं? लायनीतलं बारा नंबरचं?
ते कंपनीचं.
कुऱ्हाड मात्र आमची.
हे रान काय तुझ्या टाकानं तुटलं?"
आणि हसली,
पुढच्या बाईला जागा करून दिली.

कुऱ्हाड जिंकली.
ऑगस्टात कुणीतरी कुशियारेच्या पाण्यातून रेघ ओढली,
बाग पलीकडे गेली, करीमगंज अलीकडे राहिलं.
मी अलीकडे आलो :
बायको, तीन पोरं, एक ट्रंक,
आणि ट्रंकेत, का कोण जाणे,
काट्याचं एक शेराचं वजन.

छावणीतल्या कारकुनानं विचारलं, मूळ गाव?
सांगितलं.
म्हणाला, ते आता परदेश, दुसरं सांगा.
मला दुसरं नव्हतं.
त्यानं रकान्यात बारीकशी रेघ मारली,
माझ्याच सवयीची, तिरकी.

नदी इथे इतकी अरुंद
की पलीकडचा खोकला ओळखू येतो.
मी घाटावर बसतो, पण हाक मारत नाही.

टोपलीचं वजन दोन शेर असायचं.
मी तीन वजा करायचो.
साहेबाचा हुकूम होता आधी; मग हुकमाची गरज उरली नाही.
दर खेपेला एक शेर, अकरा वर्षं.
एकदा बेरीज करायला घेतली होती,
निम्म्यात पाटी पुसली.
आता कुठल्या सरकारात मागावा तो
सुकरमणीनं?

छावणीतल्या झोपडीचं दार बांबूचं, हलकं.
वाऱ्यानं आपटू नये म्हणून
बायको रात्री त्याला
ते वजन लावून ठेवते.