काटा

हेडलाइट लावली की टेंपरेचरचा काटा चढतो,
इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा
टिकटिकीबरोबर मान डोलावतो.
आणि परवा कळमन्याच्या गेटवर, शंभर पेट्या संत्री पाठीवर,
काटा 'भरलेली' म्हणत असताना
माझी दोनशे सात कोरडी होऊन थांबली.

एकानं मीटर बदललं. एकानं टाकीतला फ्लोट.
तिसरा म्हणाला, भंगारात द्या.

तांडापेठेतले धकाते काही बोलले नाहीत.
बापाचा हातमाग विकून टाकलेलं दुकान;
शटरच्या सावलीत डॅशबोर्ड उघडून बसले.
तारांचा गुंता बाहेर आला:
पिवळी, तपकिरी, कुणीतरी जोडलेली घरच्या फिटिंगची लाल,
चिकटपट्टीवर वीस वर्षांची धूळ.
ओढली नाही एकही. बोटांनी चाळत गेले,
तुटका धागा शोधावा तशी.

"मीटर खोटं नाई बोलून राह्यलं, भाऊ.
याले अर्थच नाई भेटून राह्यला."

दुपारचे तीन. बाहेर शेचाळीस अंश.
चेसिसला एक चपटी पट्टी, गंजून पापुद्रा झालेली,
दहा नंबरचा एक नट.
पॉलिश पेपरनं घासली, लोखंड चांदीसारखं होईतो.

चावी फिरवली, हेडलाइट लावली.
टेंपरेचर हललं नाही.
डिझेलचा काटा मात्र सावकाश उतरला,
लाल रेघेखाली जाऊन टेकला, तिथंच राहिला.

"ऐंशी द्या," धकाते म्हणाले. "अन् पयले पंपावर जा."

कॅन घेऊन पाचपावलीकडे चालत निघालो,
डोक्यावर ओला दुपट्टा,
रिकामी आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाच्या
चालीनं.