तापमानाचा रकाना

सदलग्याच्या डेअरीत, दूधगंगेच्या वाऱ्याला पाठ करून
मी काचेची नळी दुधात सोडतो.
ती डुलते, थांबते, आकडा दाखवते.
अठ्ठावीसच्या खाली म्हणजे पाणी.
बी.एस्सी.चे दोन विषय राहिलेत,
पण एवढं मला येतं.

निंगव्वाचा आकडा सव्वीस.
अकरा दिवस सव्वीस, मधे दोनदा पंचवीस.
मी लाल पेनानं लिहिलं, दर कापला.
ती रोज एकच बोलायची,
बिसी ऐत्री सर, बिसी ऐत्री,
आणि मी म्हणायचो, पुढं सरका.
तिची भाषा मला येते, बाजारापुरती,
'गरम आहे' एवढं कळण्यापुरती तर नक्कीच.
पण चोर ठरवलेल्या माणसाचं बोलणं
कोण निरीक्षणात धरतं?

बाराव्या दिवशी वीज गेली, काटा बंद.
तिची किटली तासभर ओट्यावर राहिली.
साडेअठ्ठावीस.
नळी पुसून परत सोडली.
परत साडेअठ्ठावीस.

संध्याकाळी घरी आमच्याच म्हशीचं दूध घेतलं,
धार काढल्या काढल्या: सत्तावीस.
आईनं पाणी घातलं असेल
हे मनाला शिवलंसुद्धा नाही.
तिथं माझा हात थांबला.

बाकीच्यांचं दूध सायकलवर येता येता निवतं.
निंगव्वाचा गोठा डेअरीच्या भिंतीला लागून.
दुरुस्तीचा तक्ता नळीच्या डबीतच होता, घडी न मोडलेला:
आधी तापमान बघा, मग आकडा वाचा.
दुधाचं बघितलं असतं.
माझ्या डोक्याचं कशानं बघायचं?

चेअरमन पायगोंडा म्हणाले, पंधरवड्याचा हिशोब मिटला,
आता कशाला उकरतोस?
नळीही याच्यावर काही बोलेना.
कापलेले दोनशे वीस मी खिशातून काढले
आणि भिंतीला वळसा घालून गेलो.

निंगव्वानं नोटा मोजल्या.
मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
चाळीस परत दिले.
"दोन दिवस होतं पाणी," ती मराठीत म्हणाली,
मला नीट कळावं म्हणून.
का, ते सांगितलं नाही.
शेण भरायला वळली.

रात्री रजिस्टर उघडलं.
चौथा दिवस, पंचवीस. नववा दिवस, पंचवीस.
नळीला माहीत होतं तर.
नळीला सगळ्याच दिवसांचं माहीत होतं,
वाचणारा मी होतो.

ते चाळीस रुपये अजून वहीत तसेच आहेत.
कुठल्या रकान्यात लिहायचे
ते मला येत नाही.