कितव्या पानावर

आमच्या बेटावर उन्हाळा जानेवारीत येतो,
तोही ओली छत्री हातात घेऊनच.
शाळा सुटली की पोरं वाचनालयात घुसतात,
बूट दाराशी, मोज्यांना लोकरीचा आणि शेवाळाचा वास,
आणि मी, एदुलिया बार्रिआ, बेचाळीस वर्षं याच खुर्चीत,
शेगडीत लाकूड सारते, विचारते,
बोला, सुट्टीत काय वाचणार?

पुस्तक सुचवणं म्हणजे परक्या घरात स्वयंपाक करणं.
मीठ कुठल्या डब्यात ते ठाऊक नसतं.

तरी सुचवते.
उर्सुला आणि तिच्या जुळ्या बहिणीला वाळवंटातल्या टपाल्याची गोष्ट,
दोनशे पानांत पावसाचा एक थेंब नाही,
दोघी वाचून चेकाळतात.
फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्या नोल्बेर्तोला
दर वर्षी तीच जाडजूड दर्यावर्दी कादंबरी.
शंभराव्या पानापुढे तो जात नाही.
म्हणतो, इथवर सगळे सुखरूप आहेत, बाई,
कशाला उगाच पुढे जा.

मग एलिसेओ आला. अकरा वर्षांचा.
अंगात थोरल्या भावाचं पाणबुड्याचं जाकीट,
बाह्या तीनदा दुमडलेल्या,
भाऊ आता ते परत मागणार नव्हता.
म्हणाला, ज्यात कुणीच मरत नाही
असं काही आहे?

आहे की, म्हटलं, आणि कपाटांकडे वळले.
घोड्याची गोष्ट काढली, परत सारली.
कुत्र्याच्या गोष्टीला तर हातच लावला नाही.
परीकथेत राणी पहिल्याच ओळीत जाते.
विनोदी म्हणून एक उघडली,
तिची सुरुवातच मावशीच्या मृत्युपत्रापासून.
शिडीवर चढले, उतरले, धूळ झटकली, वेळ काढला.
एवढी वर्षं कमरेला किल्ली लावून
मी नक्की कशाची राखण करत होते?
तो उभाच होता. मोज्यांखाली पाण्याचं थारोळं.

शेवटी दिलं ते बटाट्यांचं पुस्तक.
बेटावरच्या सगळ्या जाती, रंगीत चित्रांसकट,
जांभळे, वाकडे, बोटांसारखे, डोळेच डोळे असलेले,
कुणाच्या परसात सापडले, कुणी जपले,
कुठला उकडावा, कुठला राखेत भाजावा.
आणि म्हटलं, शनिवारी बंबवाल्यांच्या शेडमध्ये ये,
सिनेमा लावतोय. आगगाडीतल्या भामट्याचा.
त्याचं शेवटचं रीळ ओलीनं गेलंय,
भामटा टपावर चढतो, वाकुल्या दाखवतो,
आणि पडदा पांढरा होतो.
शेवट मी पूर्वी पाहिलेला आहे.
मुद्दाम बोलले नाही.

शनिवारी तो पहिल्या बाकावर होता.
चादर पांढरी झाली तेव्हा सगळे ओरडले,
तो नाही. त्यानं खिशातून उकडलेला बटाटा काढला
आणि सालासकट खाल्ला.

मार्चमध्ये पुस्तक परत आलं, धुराच्या वासाचं.
सत्तावन्नाव्या पानावर करपा येतो, तो म्हणाला.
एक अख्खी जात मरते.
माझ्या हातातला शिक्का तसाच राहिला.
बेचाळीस वर्षांची हुशारी, आणि मी ते पान
कधी उलटलंच नव्हतं.
माफ कर, म्हणणार होते.
तो म्हणाला, मग मी पुढे वाचत गेलो.
मग म्हणाला, तो टपावरचा माणूस पडतो ना?
हो.
वाटलंच.

आणि स्वतःच कपाटाशी जाऊन
टाचा उंचावून त्यानं कुत्र्याची गोष्ट काढली,
टेबलावर ठेवली.
एलिसेओ, म्हटलं, यातला कुत्रा मरतो बरं.
माहितीये, तो म्हणाला. उर्सुलानं सांगितलं.
कितव्या पानावर?

एकशे ब्याण्णव.

त्यानं अंगठ्यानं पानांची जाडी चाचपली,
एक बाही सुटून हातावर आली होती, ती वर सारली.
बरीच आहेत की मग, म्हणाला.