एकोणतीसचा पाढा

सावद्यात, बसस्टँडच्या मागे, माझं दुकान:
एक टेबल, एक कूलर, बोट ओळखणारं यंत्र
आणि बशीत अर्धं लिंबू.

लिंबू बोटांसाठी.
बारा वर्षं केळीचे घड कापले की
चीक कातडीत उतरतो, रेघा बुजतात.
यंत्र लाल डोळा उघडतं, बघतं,
म्हणतं, जुळत नाही.
रमजान तडवी अंगठा पँटवर पुसतो, पुन्हा ठेवतो.
जुळत नाही.
मी लिंबू देते, मग ओला फडका, मग थोडं व्हॅसलीन.
एकेक बोट करत आम्ही दोन्ही हात संपवत येतो.
"आज मी कोन आहे, ताई?"
सरकारच्या लेखी त्या दिवशी तो
डाव्या हाताची अनामिका.

बोट नाहीच जुळलं तर कार्ड.
कार्ड म्हणजे चार आकडे.
भिंतीवर मीच चिकटवलेला कागद आहे:
आपला पिन कोणालाही सांगू नका.
त्याच कागदाखाली, स्टुलावर बसून,
द्रुपदाबाई फेगडे पिन सांगतात
बाहेर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरला ऐकू जाईल असा.
"हळू, आजी."
"तुले नाही सांगू तं कोनाले सांगू व माय?
पोऱ्याले?"

त्यांचा पिन म्हणजे एक साल आहे.
त्या साली त्यांची पहिली म्हैस व्याली.
(म्हैस नव्हती. साल ओळखू येऊ नये म्हणून
दुसरंच काहीतरी लिहिलं.)

सुपडू भंगाळेंचा पिन एका मुलीची जन्मतारीख.
तशी मुलगी त्यांच्या घरात कुणी नाही.
त्यांनीच एकदा सांगितलं,
मग कितीतरी वेळ कूलरकडे बघत बसले.
हे मला माहीत आहे
आणि मला ते नको होतं.

म्हणून कुणी आकडे बोलू लागलं
की मी मनात एकोणतीसचा पाढा धरते.
एकोणतीस एके एकोणतीस,
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.
शाळेत तो मला कधीच आला नाही, म्हणूनच कामाचा:
डोक्यात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही.
तरी काही पिन आत शिरतातच,
लावलेल्या खिडकीतून धूळ शिरते तशी.
रात्री जेवताना कुणाचा तरी पिन
भाकरीसोबत तोंडात येतो.
मी तो पाण्याबरोबर गिळते.

वैशाखात मला फोन आला.
दुपारचे दोन, लाईट गेलेली, कूलर गप्प.
आवाज शांत, ओळखीतला वाटावा असा.
माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांचंही.
दुकानाचा नंबर आज रात्री बंद होतोय म्हणाला.
मी सहा आकडे सांगितले.
मोठ्यानं.
कागदाखाली बसून.
पलीकडे पाढा म्हणणारं कुणी नव्हतं.

अकरा हजार चारशे.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धंच उघडलं.
वाकून पहिल्या आत आल्या त्या द्रुपदाबाई.
मी सगळं सांगून टाकलं.
म्हटलं, आजी, माझ्या भरवशावर राहू नका,
मीच भिंतीवर लिहिलं आणि मीच फसले.
त्यांनी ऐकलं. चष्मा लुगड्याला पुसला.
"चोराले तुझ्या बापाचं नाव कसं ठाऊक व?"
मला सांगता येईना.
माझ्याकडे पिन होते, त्याच्याकडे नावं होती,
एवढंच सुचलं, पण बोलले नाही.

मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
तोंड माझ्या कानाशी आणलं,
मिश्रीचा वास, श्वास गरम,
आणि पिन
हळूच सांगितला.

एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.
एकोणतीस चोक...
चोकावर अडले.
चारही आकडे लख्ख ऐकू आले.

नोटा मी तीनदा मोजल्या.
त्यांनी न मोजता कनवटीला लावल्या
आणि शटरखालून वाकून
उन्हात गेल्या.