कंदील

बाबालाल मुजावरांचं सायकलचं दुकान मोडलं
तेव्हा त्यांच्या नातवानं ही वही मला दिली, रद्दीच्या भावात.
ग्रीसचे अंगठे, पंक्चरची उधारी,
आणि मागच्या पानापासून उलट्या सुरू झालेल्या
शर्यती :
सांगली ते तासगाव, जाऊन येऊन.
बक्षीस एक टायर, ट्यूबसह.

नावांपुढं एकेक शब्द.
गणू कोष्टी : गोचीड.
हे लगेच कळलं. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून
वाऱ्याआड बसणारा, पुढं न येणारा.
रामू वडार : घंटा विकली.
याला दोन दिवस गेले.
मडगार्ड, स्टँड, घंटा, सगळं उतरवून
हलका होऊन आलेला; आता हा न सांगता बाजूनं जाणार.
जिन्नाप्पा मगदूम : बुधगावला पेवात.
हे हरिपूरच्या पोरीला विचारावं लागत नाही.
वर माणूस मावेल एवढं तोंड,
खाली हळद, आणि मेलेली हवा.
उतरलेला ओरडतही नाही, नुसता खाली बसतो.
तसे पाय जातात म्हणे, एकदम.

आणि भूपाल चौगुले. आमचे अण्णा.
अकरा शर्यती. अकराही वेळा
कंदील.

मी भावाला फोन केला :
अण्णा पुढं असायचे रे, सगळ्यांना उजेड दाखवत.
त्यानं ते घरच्या ग्रुपवर टाकलं.
मावशीनं हात जोडले.

बाबालाल आता नव्वदीचे, एका कानानं ऐकतात.
वही नाकाशी धरून बसले बराच वेळ.
मग म्हणाले,
"उजेड कसला?
पेव उघडलं की दोरीला बांधून आधी काय सोडत्यात?
जळत ऱ्हायला, तर मानूस उतरतोय.
इझला, तर थांबायचं.
कवलापूरच्या म्होरं वारा तोंडावर यायचा.
आमी म्हनायचो, भूपाल, सूट.
त्यो सुटायचा.
कुठवर टिकतोय बघून आमी ठरवायचो
कवा निघायचं ते."

त्यांना ठाऊक होतं का, मी विचारलं.
चुकीच्या कानात विचारलं बहुतेक.
दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा विचारलं.

"हरिपूरचाच की त्यो."

भावाला अजून सांगितलेलं नाही.
संगमावर आंघोळीला जायचो
तेव्हाचं आठवतंय सारखं :
अण्णा धोतर खोचून आधी उतरायचे
आणि आम्ही चौघं, आई धरून,
कोरड्या पायरीवर उभे,
पाणी त्यांच्या कुठवर येतंय
बघत.