नकाशावरची फुली

नकाशा इकडे द्या.
रात्रपाळीच्या माणसाला सगळे हेच विचारतात,
एका हाताने किल्ली घेत, दुसऱ्याने ओली छत्री मिटत,
इथे खायचं काय, आणि कुठे?

हे बघा, हे मांतोवा.
तिन्ही अंगांनी तळी.
चौथं होतं, ते माझ्या पणज्याच्याही आधी बुजवलं.
नोव्हेंबरात धुकं इतकं
की वाफ ताटातली कुठली, गल्लीतली कुठली,
कळत नाही.

मासा खायचा तर लूचो.
तळ्यातला दांडगा, सुईदाती.
उकडून काटे काढायचे,
वर पार्सलीचा हिरवा लेप, खारवलेले केपर,
आणि रात्रभर त्याला विसरायचं.
थंडच खातात. गरम करून मागितलात
तर वेटर तुमच्याकडे तसं बघेल
जसा मी पासपोर्ट विसरलेल्याकडे बघतो.

भात पिलोतांचा.
पिलोता म्हणजे गिरणीत साळी सडणारे. वडील त्यातलेच.
कागदाच्या सुरळीतून तांदूळ सोडायचे,
उकळत्या पाण्याच्या बरोबर मध्यावर.
टेकडी होऊ द्यायची,
शेंडा जेमतेम पाण्याबाहेर. माप तेवढंच.
मग झाकण, झाकणावर फडकं,
आणि हात खिशात.
ढवळणाऱ्याबद्दल वडील म्हणत,
याचं घरात कुणी ऐकत नसणार,
म्हणून भाताला छळतो.

सूप आलं की अर्ध्यात लाल वाइन ओता.
वाडगा जांभळा होतो, दिसायला वाईट.
उभ्यानेच प्या, शेगडीपाशी.
डॉक्टरला सांगू नका. मीही माझ्याला सांगत नाही.

तोर्तेल्ली मात्र इथे.
ही फुली मारली बघा. पाटी नाही, हिरवं दार आहे.
आत लाल भोपळा, कडू बदामाच्या बिस्किटांचा चुरा,
जायफळ,
आणि साखरेत मुरलेलं सफरचंद, मोहरीच्या तेलाचं.
पहिला घास गोड लागेल.
हे तर पक्वान्न, म्हणाल. थांबा.
मोहरी उशिरा येते,
नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या मागे.
रडू आलं तर तिथे कुणी विचारत नाही.

करणारीचं नाव इवोन.
हो, ओळखतो. आडनाव एकच आहे.
कुणी पाठवलं म्हणाली तर सांगा,
नकाशाने.

अकरा वर्षं फुली मारतोय मी.
सकाळी किल्ली परत घेताना विचारतो,
जायफळ जास्त नव्हतं ना?
कड कशी होती, जाड?
आईची कड अशी, की तिच्यातून लोण्याचा पिवळा दिसायचा.
माणसं म्हणतात, छान होतं.
छान! जर्मनीहून आले, नऊ तासांचा प्रवास,
आणि म्हणे छान.

भांडण घराचं नव्हतं. पैशाचंही नाही.
आईच्या फळीचं होतं, कणीक मळायच्या.
मला मळता येत नाही,
तरी मीच उचलून नेली.
पलंगाखाली आहे. भिंतीकडे तोंड करून.

गेल्या मंगळवारी सात नंबरची बाई,
नॉर्वेची, पायात मोठाले बूट,
परत आली ती हातात पुडकं घेऊन.
म्हणाली, त्या बाईंनी दिलं, नकाशासाठी.
उघडलं तर स्ब्रिसोलोना. अख्खी.
मक्याच्या पिठाची, बदामांची, दगडासारखी.
हिला सुरी लावत नाहीत, साहेब.
मूठ मारतात, मधोमध,
तुकडे उडतात टेबलभर, वाकडेतिकडे,
ज्याच्यापुढे जो पडेल तो त्याचा.
एकट्याने फोडली तर नुसता कचरा.

खणात आहे अजून. सुट्या किल्ल्यांशेजारी.
बदामाचा वास रजिस्टरला लागलाय.

सोमवारी माझी सुट्टी.
फळी जड आहे, बसमध्ये घेतील की नाही कोण जाणे.
तुम्ही आज जाताय तर एक करा,
खाणं कसं होतं ते राहू द्या,
दार तेवढं बघून या.
हिरवं म्हणून सांगतो खरा सगळ्यांना.
अजून हिरवंच आहे का?