लिंबाएवढी मोटर

पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा बाबा हसलेच.
"मोटर म्हणतेस ह्याला? लिंबाएवढी?"
उद्यमबागेत चाळीस वर्षं
त्यांनी साडेसात हॉर्सपॉवरच्या सबमर्सिबल उघडल्या,
खानापूरपासून हुक्केरीपर्यंतच्या बोअरवेलींचा
काळा पडलेला तांबा सोलून काढला,
नवा भरला, वार्निशात बुडवून भट्टीत भाजला.
आणि ही तर उघडतच नाही.
वाइंडिंग राळेत गाडलेलं. एक स्क्रू नाही.
पुढचं झाकण फिरवलं की हातात येतो
एक चुंबक, चिनी मातीची बारीक दांडी,
सहा पात्यांचं फूल. बस्स.

वर चालू केल्यावर कधी डावीकडे फिरते, कधी उजवीकडे.
बाबांना ते अजून पटलेलं नाही.
जेवताना मध्येच विचारतात,
"आज कुठल्या बाजूला चाललीय ग तुझी?"

समुद्र आमच्याकडे मंगळवारी येतो.
इराप्पा म्हापशाला कोबी नि ढबू मिरची उतरवतो,
मोरजीला जाऊन माझे चार कॅन भरतो.
चोर्ल्याच्या वळणांवर ते टेम्पोत हिंदकळत राहतात.
अनगोळच्या आमच्या गल्लीत हॉर्न:
"समुद्रा तंदीनि नोड, अक्का!"
कॅनला कोबीचा वास.

मार्चमध्ये धार बारीक झाली.
दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करूलागले
आणि खालच्या टाकीतून खरखर.
बाबांना ती ऐकू आली नाही.
शेजारच्या फाउंड्रीनं त्यांचे कान केव्हाच नेलेत.
त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर आणला,
टोक काचेला, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
"हवा ओढतीय. पाणी कमी झालंय खाली.
आणि घासतंयही कुठंतरी."

पाणी कमी? रोज भरते की मी.
"कसलं भरतेस?"
कॅनमधलं.
ते माझ्याकडे बघत राहिले.
"आमटी आटली तर मीठ घालतेस काय ग तिच्यात?"

काट्यानं एक हजार एकतीस दाखवलं.
काठावर, वायरीवर, प्लगच्या तोंडापर्यंत
मीठ पांढरं चढत गेलेलं,
आणि मी रोज फडक्यानं पुसून
वर आणखी मीठ ओतत होते.

मग अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी,
स्टीलच्या डब्यात मोटर रात्रभर.
सकाळपर्यंत बुडबुडे.
जुन्या टूथब्रशनं दांडीचं भोक घासताना
आतून निघाली चुन्याची एक नळी, गुंडाळी झालेली,
कुठल्याशा किड्यानं फिरत्या पात्यांशेजारी बांधलेलं घर.
बाबांनी ती खिडकीत ठेवली,
बेअरिंगच्या गोळ्यांच्या वाटीत.

दांडी सैल होती. त्यांनी खिशातून
तांब्याच्या तारेचा तुकडा काढला,
"एक वेढा देतो, बसेल घट्ट."

तांबं नको, बाबा.
"का?"
तांबं उतरतं पाण्यात. मरतात.
शंख, झिंगे, ती दगडावरची फुलं, सगळं.

त्यांनी तार परत खिशात ठेवली.
मोरीवर जाऊन हात धुतले.
कोपरापर्यंत. साबण लावून. परत एकदा.
नखांच्या कडेला चाळीस वर्षांचा तो लालसर रंग,
तो काही गेला नाही.
बाहेर आले ते हात पाठीमागे धरून.
"तूच बसव. मी सांगतो."

नवी दांडी शहापूरला मिळाली नाही, कोल्हापुराहून आली.
तोवर रबराच्या एका चकतीवर भागवलं.
काटा पंचवीसवर यायला नऊ दिवस लागले,
रोज दोन तांबे साधं पाणी,
स्टीलच्या तांब्यानं.

काल रात्री अडीचला लाईट गेली.
मी गाढ झोपेत.
कुकरची शिट्टी न ऐकणारा माणूस
अंधारात माझ्या दारात उभा.
त्यांची खाट त्या भिंतीला लागून आहे.
"ऊठ," म्हणाले, "भिंत थांबलीय."

बॅटरीचा पंप लावला.
टॉर्च त्यांनी धरला, पाण्यापासून जरा लांबच.
मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून.
"आता कुठल्या बाजूला?"
दिसत नाही, बाबा.
"बरं," म्हणाले,
आणि तळवा काचेला न लावता
भिंतीला लावून उभे राहिले.